हातभर अंतरावरचा शाळिग्राम

अक्का, काल तुझं तेरावं झालं. पानं उठली, भटजी गेले, तुझ्या सूनबाईनं, कमळेनं, ओसरी धुतली, आणि वेस्ट मांबलमच्या आपल्या एवढ्याशा घरात एकाएकी फार जागा झाली. जेवण तुला आवडलं असतं म्हणावं, तर असल्या पंगतीला तू कधी बसलीच नाहीस. तू आपली मागच्या दारापाशी उभी राहून सांबारात मीठ बरोबर पडलंय का एवढं विचारणार, आणि सगळ्यांचं झाल्यावर ताकभात खाऊन मोकळी होणार.

आपल्या मराठी वाचनालयाच्या चिटणिसांनी परवा मला गाठलं. मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी तुझ्यावर पानभर द्या म्हणाले. 'जुन्या तंजावरी वळणाची सोवळी, भाविक बाई' हा मथळाही त्यांनीच सुचवला. मी हो म्हटलं, कागद घेऊन बसलो, आणि दोन ओळींत अडलो. तुझ्या भाविकपणाबद्दल मी कोणत्या तोंडानं लिहायचं? या घरात जिचा देवावर भाव होता तिला देवाला हात लावायची बंदी होती, आणि ज्याचा नव्हता तो रोज सकाळी देवाला अंघोळ घालत होता. हे त्या अंकात बसायचं नाही. म्हणून तुलाच लिहितो आहे.

बाबा तुला अक्का म्हणायचे म्हणून मीही अक्काच म्हटलं, नाहीतर तू माझी आत्या. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, आणि तू तोवर वीसेक वर्षं पांढऱ्या लुगड्यात माहेरी होतीस. मला तू वाढवलंस वगैरे सगळे म्हणतातच. मला आठवतो तो पितळेचा तांब्या. तंजावरच्या घरामागच्या तळ्यातून तू त्यात बेडकाची पिल्लं भरून आणलीस, काळी, शेपटीवाली. रोज दुपारी आपण दोघं डोकी जुळवून त्यात बघत बसायचो. मागचे पाय आले, मग पुढचे आले. मी म्हणालो, आता शेपूट गळून पडणार. तू म्हणालीस, "पडत नाही रे. नीट बघ. तो खाणं सोडून बसला आहे. आपलंच शेपूट जिरवतो आहे पोटांत." पुढे पुण्याला शिकत असताना हेच मी एका जाड पुस्तकात वाचलं आणि वर्गात एकटाच हसलो. प्राणिशास्त्राचा माझा पहिला धडा तुझ्या तांब्यात झाला, हे मी आजवर कुठल्याही भाषणात सांगितलेलं नाही. शिक्षकांची नावं घ्यायची वेळ आली की मी पुण्याच्या सरांचं नाव घ्यायचो.

पुण्याहून मी डोक्यात नवं शास्त्र आणि जिभेवर नवी मराठी घेऊन आलो. तुला दोन्हींची गंमत वाटायची. "तुझी मराठी शाईची, सदू. आमची तोंडाची." कॉलेजात लेक्चरर झालो, बाबा गेले, आणि त्यांच्या मागे देव्हारा माझ्याकडे आला. त्यात शाळिग्राम. आपल्या घराण्याचा, पिढ्यांपिढ्यांचा, लिंबाएवढा, काळा कुळकुळीत, एका बाजूला भोक आणि आत चक्राच्या रेघा. त्याला एक दिवसही पाण्यावाचून ठेवायचा नाही आणि बायकांनी त्याला शिवायचं नाही, हे दोन नियम त्याच्याबरोबर आले.

आमची पूजा म्हणजे काय होती, ते तुलाच ठाऊक. पहाटे उठून तुळस तू खुडायचीस, गंध तू उगाळायचीस, ताम्हण चिंचेनं घासून तू लखलखीत करायचीस, फुलं निवडून, पाणी भरून, सगळं मांडून देव्हाऱ्यापासून हातभर अंतरावर उभी राहायचीस. मग मी यायचो, अर्धा ओला, आठ वाजून दहाच्या गाडीकडे कान लावून. शाळिग्राम उचलायचा, ताम्हणात ठेवायचा, वर पाणी सोडायचं, पुसायचा, परत ठेवायचा. तोंडानं मंत्र आणि मनात पहिल्या तासाचं लेक्चर. बटाटा धुवावा तसा मी तो धुवायचो. तू बघत असायचीस. माझ्या हातून तो एकदा ताम्हणात आपटला तेव्हा तू नुसतं "हळू" म्हणालीस.

मी विद्यार्थ्यांना घेऊन बाहेरगावी गेलो की समोरचे अय्यर येऊन पूजा करायचे. भला माणूस. रिटायर झालेला, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. पण त्यांची बोटं तपकिरीनं कायम पिवळी, आणि अर्ध्या मंत्रात शिंक. घरात तू असताना शाळिग्रामाला अंघोळ घालायला गल्लीपलीकडून माणूस बोलवावा लागे, यात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी तर विचार करण्याचा पगार घेत होतो.

तो दिवस आठवतो? मी मुद्दामच विषय काढला होता. तुला धक्का द्यायचा होता मला. खोटं कशाला बोलू? "अक्का, तुमचा हा शाळिग्राम म्हणजे एक मेलेला प्राणी आहे." मी झोपाळ्यावर, तू खाली तांदूळ निवडत. तू हात थांबवला नाहीस. "कोणता?" विचारलंस. मग मी सांगत गेलो. हिमालय आहे तिथे एकेकाळी समुद्र होता. त्यात हे शंखवाले प्राणी पोहायचे, आताच्या दहा हातांच्या माकुळाचे दूरचे भाऊबंद. शंखात कप्पे, प्राणी वाढला की पुढचा कप्पा. मेला की चिखलात रुतायचा, चिखलाचा दगड व्हायचा. कोट्यवधी वर्षं ते समुद्रात होते, पिढ्यांमागून पिढ्या त्यांच्यात फरक पडत गेले, कप्प्यांची नक्षी गुंतागुंतीची होत गेली. आणि मग सगळे संपले.

"सगळे? म्हणजे पोरंबाळं, कोणीच राहिलं नाही?"

"कोणीच नाही. जातच्या जात नाहीशी झाली."

तू सूप बाजूला ठेवलंस. मला वाटलं, लागलं वर्मी. आता म्हणशील, असं बोलूं नको, पाप लागेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तू देव्हाऱ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "म्हणजे निर्वंश. अय्यो. मग बरंच झालं की. आपण रोज त्याला पाणी देतों. निर्वंशाला कोणीतरी पाणी द्यावंच लागतं, कण्णा."

माझी सगळी उत्तरं फुकट गेली. मला भांडण हवं होतं आणि तू ती कोट्यवधी वर्षं सुपातल्या तांदळासारखी पाखडून, हवं ते घेऊन मोकळी झालीस. त्या दिवसापासून तू अर्घ्याचं पाणी जरा जास्तच भरून ठेवू लागलीस. आणि प्रश्न विचारायला लागलीस. तो काय खायचा? एकटा राहायचा की कळपानं? त्याला दिसायचं का? कधी मी नीट सांगायचो, कधी पेपरात डोकं घालून 'हं' म्हणायचो. तंजावरजवळ अरियलूरलाही त्या काळी समुद्र होता आणि तिथल्या माळावर असले शंख सापडतात, हे ऐकून तर तुझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "पाहिलं? समुद्र आमच्या दारापर्यंत आला होता," असं तू गल्लीतल्या बायकांना सांगत सुटलीस, जणू त्याला तूच फराळाला बोलावलं होतंस.

मग ते माझं भाषण. टी. नगरच्या हॉलमध्ये, मराठी मंडळींसमोर, रविवारी संध्याकाळी. विषय 'जीव कुठून आले'. त्या दिवसांत बाहेर काळ्या शर्टवाल्यांच्या सभा व्हायच्या, देव नाही म्हणून भोंग्यावर ओरडायचे. आपले रेल्वेतले नि बँकेतले लोक बिचकून होते. त्यांना शास्त्र हवं होतं, पण देवाला न दुखवणारं. मी त्यांना नेमकं तेच दिलं. आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह, अशी अवतारांची आणि उत्क्रांतीची रांग जोडून दाखवली. लोक खूश. आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो, "मासा, गोगलगाय, माणूस, सगळे एकाच घरातले आहेत. निसर्गात सोवळं-ओवळं नाही. कोणाच्या स्पर्शानं कोणी बाटत नाही!" टाळ्या. मागे बायकांच्या रांगेत तू बसली होतीस, हातात विणलेला पंखा. तो हलायचा थांबला होता, हे मला व्यासपीठावरून दिसलं होतं.

परतताना बसमध्ये तू म्हणालीस, "बोलणं छान. पण ती मासा-कासवाची माळ ओवूं नको होतीस."

"का? लोकांना आवडली."

"आमचे ते प्रत्येक वेळी कोणाला तरी वाचवायला आले होते. तुझे कोणाला वाचवायला आले?"

"कोणालाच नाही. आपोआप होतं ते. जगला तो जगला."

"मग दोन वेगळ्या गोष्टी एका दोऱ्यांत कशाला? ही खरी असेल, तीही खरी असेल. उगी लग्न लावूं नये."

कॉलेजातला माझा एकही सहकारी हे इतकं सरळ बोलला नव्हता. मला ते पटलंही होतं. तरी शिकलेल्या पुतण्याची चूक काढतेस म्हणून मला राग आला होता, अक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं मांडून तू नेहमीच्या जागी उभी होतीस. मी शाळिग्राम उचलणार, एवढ्यात तू म्हणालीस, "सदू, मज एकदा धरूं दे."

मला आधी कळलंच नाही.

"तूच काल बोललास. स्पर्शानं कोणी बाटत नाही. आणि हा बिचारा निर्वंश, मीही निर्वंश. बावन्न वर्षं मी याला बघतें. एकदा हातावर ठेव. मी आंघोळ घालत नाही, मंत्र म्हणत नाही. नुसता ठेव."

तू हात पुढे केला होतास. उजवा, खालून डावा टेकवून, प्रसाद घ्यायला करतात तसा. दारात अय्यर पेपर परत द्यायला आले होते. त्यांनी काही ऐकलं की नाही कोण जाणे. आणि मी, अगदी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणालो, "अक्का, ते भाषण होतं."

एवढंच. तुझा हात क्षणभर तसाच राहिला. मग तू तो पदराला पुसलास, जसं काही त्याला काही लागलं होतं.

मी पुढे आणखीही बोललो. ते वेगळं आणि हे वेगळं, चालत आलेलं मोडायचं नसतं, बाहेर ते लोक मूर्ती फोडतायत आणि घरात आपणच सुरू करायचं का. तोंडाची वाफ दवडत होतो नुसती. पुढची चार वर्षं मी स्वतःला सांगत आलो की अय्यर दारात होते म्हणून. आज तुला खरं सांगतो. अय्यर नसते तरी मी दिला नसता. त्याच्या महिनाभर आधी माझ्या बाळीला ताप आला होता, आठ दिवस उतरत नव्हता. तूच तिच्या उशाशी बसली होतीस. तुझा हात पुढे आला आणि माझ्या मनात आलं, नियम मोडला आणि पोरीला पुन्हा काही झालं तर? प्राणिशास्त्राचा लेक्चरर! ताप कशानं येतो ते मी पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. तुझी श्रद्धा माझ्या शास्त्रापुढे वाकली नाही, की मोडलीही नाही. तिनं त्याला घरात घेतलं, पाट दिला. माझ्या शास्त्राखाली मात्र नुसती भीती होती, आणि ती भीती मी तुझ्या तोंडावर 'परंपरा' म्हणून मारली.

तू भांडली नाहीस. "सरी," म्हणालीस. आपल्या तंजावरी बोलण्यात 'ठीक', 'बरं', 'असो' या सगळ्याला तमिळचा हा एकच शिक्का. मग जरा वेळानं, मी बूट घालत असताना, "सदू, एवढं तरी सांग. जड आहे का तो?"

मी म्हणालो, "गाडी चुकेल." आणि निघालो.

त्या वर्षी पोरांना घेऊन अरियलूरला गेलो, तेव्हा तुझ्यासाठी एक शंख आणला. तळहाताएवढा, मातकट, पण कप्प्यांची नक्षी स्वच्छ. 'घे अक्का, हाही त्याच कुळातला. याला हवा तेवढा हात लाव.' काय उदार झालो होतो मी! तू तो उलटसुलट केलास, नखानं रेघा मोजल्यास, कुठे सापडला ते नीट विचारून घेतलंस. मला वाटलं होतं, तू त्याला गंधफूल वाहायला लागशील आणि माझ्यावरचा भार उतरेल. तू तो खिडकीत ठेवलास, पोथीची पानं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. "हा तुझ्या कॉलेजचा," म्हणालीस. "तो घरचा." अजून तिथेच आहे. मला फसवता आलं नाही तुला.

आणि शेवटची सकाळ. डॉक्टर बाहेर येऊन नुसते माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. कमळा म्हणाली, तीर्थ द्या. मी आंघोळ करून शाळिग्राम ताम्हणात घेतला, वर पाणी घातलं आणि ताम्हण तसंच तुझ्या अंथरुणापाशी आणलं. अय्यर उशाशी काहीतरी म्हणत होते. तू डोळे उघडलेस. ताम्हणाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि हात पुढे केलास.

तीर्थ घ्यायला हात कसा करतात ते तुला का ठाऊक नव्हतं? जन्मभर ओंजळ करून घेतलंस. त्या दिवशी तुझा हात सपाट होता. बोटं पसरून, पूर्ण उघडा. तो पाण्यासाठी नव्हता हे मला कळलं. कमळेलाही कळलं असावं, कारण तिनं मान वळवली. शाळिग्राम वितीवर होता. उचलून ठेवायला किती वेळ लागला असता? मी पळीनं पाणी सोडलं. ते सगळं बोटांमधून चादरीवर गेलं. तू ओला तळवा तसाच ओठांना लावलास आणि म्हणालीस, "सरी, सदू."

त्यानंतर तू काही बोलली नाहीस.

सुतकात मला देवाला शिवता येईना. अय्यर रोज घरून आंघोळ करून, आपलं पाणी घेऊन यायचे. मी देव्हाऱ्यापासून हातभर दूर उभा राहायचो, दुसरं काय करणार? पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी मला दिसलं, ते शाळिग्राम पुसताना भोकातलं पाणी काढत नाहीत, ते आत तसंच राहतं. सांगावंसं वाटलं, पण अधिकार नव्हता. सहाव्या दिवशी त्यांना शिंक आली आणि माझ्या तोंडून आपसूक "हळू" निघालं. अय्यर चमकून बघायला लागले. मी आत जाऊन न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि रडलो. माझे तेरा दिवस होते, अक्का. तुझी छप्पन्न वर्षं.

दहाव्याला तुला पाणी दिलं. तिळाचं, नाव-गोत्र उच्चारून, अंगठ्याच्या बाजूनं. भटजी सांगत होते तसं सगळं केलं. निर्वंशाला कोणीतरी पाणी द्यावंच लागतं, हे माझ्या मनातून जाईना. तू मेल्यानंतर पाणी द्यायचा अधिकार मला होता. जिवंतपणी मागितलंस ते द्यायचाही होता.

आता कमळा किंवा बाळी, कोणीही मागो, मी शाळिग्राम त्यांच्या हातावर ठेवीन, असं आज म्हणतो आहे. पण माझ्या म्हणण्याचा तुला अनुभव आहे.

आज पूजा माझ्याकडे परत आली. तुळस मीच खुडली, नको तेवढी पानं तोडली गेली. गंध पातळ झालं. ताम्हण घासायला चिंच कुठे ठेवतेस ते सापडेना. सगळं कसंबसं मांडलं आणि शाळिग्राम हातात घेतला. इतकी वर्षं उचलला, पण हातात घेऊन थांबलो असा कधीच नव्हतो. आज थांबलो. तुझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो, त्याला तळहातावर ठेवून. मांबलम स्टेशनात आठ-दहाची गाडी आली, थांबली, गेली. मी ती जाऊ दिली.

जड आहे, अक्का. दिसतो त्याहून पुष्कळ जड. लिंबाएवढा वाटतो, पण हातावर घेतला की मनगटाला कळतं. पहिल्यांदा गार लागतो. मग तसाच धरून ठेवला, की थोड्या वेळानं आपल्या हाताइतका कोमट होतो.